सिक्स्थ फॉर्मला हेल्थ अँड सोशल केअर घ्यावं का? (इंग्लंड)

सायली_रेडिंग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मुलगी इयर इलेव्हनला आहे. मे-जूनमध्ये जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा), सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्म (आपली अकरावी-बारावी). तिला हेल्थ अँड सोशल केअर, सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी हे तीन विषय हवे आहेत. पुढे नर्सिंग, बहुतेक लहान मुलांचं, नाहीतर ऑक्युपेशनल थेरपी (आजार-अपंगत्व असलेल्यांना रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणं). अजून पक्कं नाही, आणि सोळाव्या वर्षी पक्कं असावं अशी माझीही अपेक्षा नाही. मॉक परीक्षेत सायन्समध्ये सहा-सहा, इंग्रजीत सात आणि गणितात पाच आलेत (नऊ ही सर्वांत वरची ग्रेड).

घरी एकमत नाही. नवऱ्याचं म्हणणं, बायोलॉजी आणि केमिस्ट्री घे, पुढे काहीही करता येईल. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आयाचं काम शिकायला विलायतेत कशाला राहायचं?" स्पीकर चालू होता, पोरीने ऐकलं. त्या दिवसापासून ती या विषयावर घरात बोलत नाही.

मला तिचा ओढा खरा वाटतो. मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याला आजेसासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची कूस बदलायची, पाठ पुसून पावडर लावायची, चमच्याने पेज भरवायची, हे सगळं ती न सांगता करायची. घाण वाटली नाही का, असं मामेबहिणीने विचारलं तर हिला प्रश्नच कळला नाही.

तर हा कोर्स नेमका काय आहे? शाळेच्या पत्रकात बीटेक लिहिलंय, शेजारच्या कॉलेजात टी लेव्हल आहे. युनिव्हर्सिटी याला मानतात का? आणि डॉक्टरकीची वाट याने बंद होते का? ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांची मुलं करतायत त्यांनी कृपया लिहा.

वाचनमात्र

आमचाही हाच प्रश्न. वाचतेय.

खडूफळा

पूर्व लंडनमधल्या एका सिक्स्थ फॉर्ममध्ये मी हाच विषय शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मेडिसिनचा विचार थोडासा जरी असेल तर ए लेव्हलला (सिक्स्थ फॉर्मच्या शेवटची, बारावीसारखी परीक्षा) बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री आणि बायोलॉजी लागतं. हेल्थ अँड सोशल केअरने ती जागा भरून निघत नाही. फिजिओथेरपीला बऱ्याच ठिकाणी बायोलॉजी किंवा पीई (शारीरिक शिक्षण) मागतात. पण नर्सिंगच्या चारही शाखा (प्रौढांचं, लहान मुलांचं, मानसिक आरोग्याचं आणि लर्निंग डिसॅबिलिटीचं), ऑक्युपेशनल थेरपी, सोशल वर्क, शिक्षकी पेशा यांच्यासाठी हा विषय सरळ उपयोगाचा आहे. तुम्ही लेकीबद्दल जे लिहिलंय ते याच यादीत बसतं.

आता बीटेक. (भारतातल्या इंजिनियरिंगच्या पदवीशी याचा काही संबंध नाही. पालकसभेत दर वर्षी कुणीतरी विचारतंच, म्हणून लिहिलं.) ही ए लेव्हलच्या जोडीची व्यवसायाभिमुख पात्रता. पिअर्सन ही परीक्षा संस्था ते देते आणि ते वेगवेगळ्या आकारांत मिळतं. २०१६ पासूनच्या रचनेत एक्स्टेंडेड सर्टिफिकेट म्हणजे एका ए लेव्हलइतकं, डिप्लोमा म्हणजे दोन आणि एक्स्टेंडेड डिप्लोमा म्हणजे तीन ए लेव्हलइतकं. पत्रकात नुसतं "बीटेक हेल्थ अँड सोशल केअर" लिहिलेलं असतं. आकार कोणता ते विचारल्याशिवाय काहीच कळत नाही. सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीसोबत घेता येतंय, म्हणजे तुमच्या शाळेत एका ए लेव्हलच्या आकाराचं असणार.

ग्रेड पास, मेरिट, डिस्टिंक्शन आणि डिस्टिंक्शन-स्टार. यूकॅसच्या (युनिव्हर्सिटीचे अर्ज घेणारी संस्था) हिशोबात एका विषयाच्या डिस्टिंक्शनला ४८ गुण, म्हणजे ए लेव्हलच्या 'ए' इतकेच. डिस्टिंक्शन-स्टारला ५६. मेरिटला ३२, म्हणजे 'सी' इतके. 'बी' च्या ४० गुणांच्या जागी इथे काहीच नाही, मेरिटवरून एकदम डिस्टिंक्शनला उडी आहे. अर्ज करताना अंदाजे ग्रेड सांगतात तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा.

सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या कोर्सची नवी आवृत्ती आली आहे. पिअर्सनची आहे, ओसीआर या दुसऱ्या परीक्षा संस्थेचीही आहे. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने व्ही लेव्हल नावाची नवी पात्रता जाहीर केली, ती पुढे टप्प्याटप्प्याने बीटेकची जागा घेणार आहे. या सप्टेंबरला सुरू करणाऱ्या मुलांनी त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. एकदा सुरू केलेला कोर्स मुलं पूर्ण करतात.

टी लेव्हलचं वेगळं आहे. हेल्थचं टी लेव्हल २०२१ पासून आहे, एकटंच तीन ए लेव्हलइतकं. त्यात किमान ३१५ तासांची प्लेसमेंट (प्रत्यक्ष कामाच्या जागी अनुभव) सक्तीची असते. ते घेतलं तर सायकॉलॉजी-सोशिऑलॉजी नाही, दोन वर्षं तेच. जिला पक्कं ठाऊक आहे की मला वॉर्डातच काम करायचंय तिच्यासाठी ते उत्तम. तुमची लेक अजून दोन-तीन वाटांकडे बघतेय, तिला मी मिश्र विषयच सुचवेन.

चौथा_गिअर

सायलीताई, मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने लिहितोय, राग मानू नका. मीही इंजिनियर, मिल्टन कीन्सला असतो. मुलांना सहा-सात ग्रेड मिळत असताना तुलनेने सोपा विषय का घ्यायचा? केअरमधले पगार सगळ्यांना माहीत आहेत. सोळाव्या वर्षी भावनेच्या भरात घेतलेला निर्णय पंचविसाव्या वर्षी महागात पडतो.

मिरजवाली

@चौथा_गिअर, पगाराचं मी सांगते. मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, आता मिडलंड्समध्ये एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) वॉर्डात आहे. पदवी घेऊन नर्स म्हणून लागलेली मुलगी बँड पाच या पगारश्रेणीवर सुरू करते. २०२५-२६ ला इंग्लंडमध्ये तो पगार वर्षाला ३१,०४९ पौंड. बँड सहा ३८,६८२ पासून. रात्रपाळी, रविवार यांचे जादा वेगळे. लंडनमध्ये भत्ता वेगळा. त्यात कुणी श्रीमंत होत नाही, पण घर चालतं आणि नोकरी जात नाही.

तुम्ही म्हणताय ते केअर होममधल्या केअर वर्करचे पगार. ते खरंच कमी आहेत, किमान वेतनाच्या आसपास (२०२५-२६ ला २१ वर्षं आणि त्यावरच्यांना ते तासाला १२ पौंड २१ पेन्स होतं). इतक्या जोखमीच्या कामाला इतके कमी पैसे द्यावेत हे मला अजिबात पटत नाही. पण हा कोर्स करणाऱ्या मुलीने तिथेच थांबायचं असं कुठे लिहिलंय? माझ्या वॉर्डातल्या नव्या नर्सेसना मी विचारते तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणी याच वाटेने आलेल्या निघतात.

सायली, नर्सिंगच्या पदवीबद्दल दोन गोष्टी. एक, इंग्रजी आणि गणिताच्या जीसीएसईला किमान चार लागतात, बऱ्याच ठिकाणी सायन्सही. तिचं ते होऊन जाईल. दोन, पदवीच्या काळात २,३०० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं, नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलचा नियमच आहे. पहिल्या प्लेसमेंटला दोन प्रकारची मुलं येतात. एक, ज्यांनी आधी कुणाला हात लावलेला नाही. त्या पडदा न ओढताच पांघरूण काढतात. दुसऱ्या आधी नाव विचारतात, मी काय करणार आहे ते सांगतात, पडदा ओढतात, मग हात लावतात. दुसऱ्या मुलींना ते कुणीतरी आधी शिकवलेलं असतं.

आयाचं काम म्हणणाऱ्यांना मी उत्तर द्यायचं सोडलं होतं, पण तुमची लेक ऐकतेय म्हणून देते. पाठ पुसताना त्वचा लाल झालेली दिसली, बोटाने दाबल्यावर ती पांढरी पडली नाही, तर तिथे बेडसोर सुरू होतोय. ते त्या पहिल्या दिवशी दिसलं तर माणूस वाचतो, नाहीतर हाडापर्यंत जखम जाते. पाठ पुसणारीलाच ते दिसतं. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा माणूस उताणा असतो.

नदीकाठ

मिरजवाली, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

कांदेपोहे

मी हा कोर्स केलाय. एक्स्टेंडेड डिप्लोमा, म्हणजे तीन ए लेव्हलवाला. आता मेंटल हेल्थ नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात मुलगे मोजकेच होतो. माझ्या बाबांना सांगायला मला धीर गोळा करावा लागला होता, म्हणून सायलीकाकू, तुमच्या मुलीला काय वाटत असेल ते कळतंय.

सोपा विषय आहे असं बाहेरून वाटतं. परीक्षा आहेत, शिवाय असाइनमेंटचा भार वर्षभर चालू असतो. ए लेव्हलचे मित्र मार्चपर्यंत निवांत असायचे आणि आम्ही नोव्हेंबरपासून लिहीत असायचो. शेवटच्या महिन्यात जोर लावून पार पडणाऱ्या मुलाने हा कोर्स घेऊ नये. रोज थोडं लिहिणाऱ्याला बरा जातो.

पण मला सांगायचंय ते प्लेसमेंटचं. मला एक केअर होम मिळालं होतं. नाव-गाव देत नाही, देताही येत नाही, गोपनीयता हीच पहिली गोष्ट शिकवतात. तिथे एक आजी होत्या, डिमेन्शिया झालेल्या. आयुष्यभर इंग्रजी बोललेल्या, पण आजार वाढला तशी शेवटी शिकलेली भाषा आधी गेली. स्टाफला वाटायचं त्या काहीतरी पुटपुटतात. त्या मराठी बोलत होत्या.

जेवणाच्या वेळी त्या ताट सरकवायच्या. रोज. चार्टवर लिहिलेलं असायचं की जेवण नाकारलं. वजन उतरत होतं, डायटिशियनला बोलावायची चर्चा चालू होती. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "आजी, जेवायचं नाही का?" त्यांनी हात पुढे केले आणि म्हणाल्या, "हात कुठं धुतलेत अजून?"

एवढंच होतं. त्या मोरीवर हात धुतल्याशिवाय ताटावर बसलेल्या नव्हत्या कधी. ओला टिश्यू दिला होता, तो त्यांच्या लेखी हात धुणं नव्हतं. सिंककडे नेलं, पाण्याखाली हात धरले, टॉवेलने पुसले, परत आणून बसवलं. जेवल्या. सगळं नाही, पण अर्ध्याहून जास्त.

मी विद्यार्थी, मला केअर प्लॅनमध्ये काही लिहायचा अधिकार नव्हता. सीनियर केअररला सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितलं आणि प्लॅनमध्ये घातलं की जेवणाआधी सिंकवर नेऊन हात धुवायचे, वाहत्या पाण्याने. कॉलेजात व्यक्तिकेंद्री काळजी यावर मोठं युनिट होतं. व्याख्या, तत्त्वं, कायदे सगळं पाठ होतं. त्या ओळीच्या वेळी ते डोक्यात बसलं. नंतर असाइनमेंटमध्ये मी हे नाव बदलून लिहिलं, आणि टीचरनी विचारलं की मराठी येणारा विद्यार्थी योगायोगाने आला नसता तर काय व्हायला हवं होतं? त्यावर मला दोन पानं लिहावी लागली. दाखल करताना घरच्यांना विचारायचे प्रश्न, दुभाषी, स्टाफचं प्रशिक्षण. ती दोन पानं लिहिताना मी सर्वांत जास्त शिकलो.

सायली_रेडिंग

कांदेपोहे, तुझा प्रतिसाद लेकीला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला आणि मग विचारलं, "परीक्षेत असलं येतं का?" आता पुढचा प्रश्न तिचाच समजा.

खडूफळा

येतं, फक्त कागदावर येतं. लाइफस्पॅन डेव्हलपमेंट नावाचा भाग परीक्षेला असतो, जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा वाढतो, बदलतो. पियाजे, बोल्बी, बँडुरा ही नावं तिला सायकॉलॉजीतही भेटतील, तेवढा अभ्यास दोन्हीकडे कामाला येतो. प्रश्नात एका माणसाची माहिती देतात आणि तिच्यावर विचारतात.

समजा, ७४ वर्षांच्या बाई. गुडघ्यांना संधिवात, नवरा सहा महिन्यांपूर्वी गेला, बागकाम बंद झालंय. कच्चं उत्तर असं असतं: संधिवातामुळे शारीरिक त्रास, नवरा गेल्यामुळे भावनिक त्रास, एकटेपणामुळे सामाजिक त्रास. तीन वाक्यं, तीन कप्पे. माझी निम्मी मुलं पहिल्या सत्रात हेच लिहितात आणि गुण का गेले म्हणून विचारत येतात.

चांगलं उत्तर गोष्टी एकमेकींत गुंफतं. गुडघे दुखतात म्हणून बाग सुटली. बागेत असताना शेजारणीशी कुंपणावरून गप्पा व्हायच्या, त्या सुटल्या. दिवसभर कुणाशी बोलणं नाही, मग स्वयंपाक तरी कुणासाठी करायचा, म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढला जातो. त्यातून अशक्तपणा, अशक्तपणातून पडण्याची भीती, भीतीपोटी बाहेर जाणं आणखी कमी. हे लिहिलं की मग सिद्धान्त आणायचा. कमिंग आणि हेन्री यांनी १९६१ मध्ये मांडलं की म्हातारपणी माणूस आपणहून समाजातून अंग काढून घेतो. त्याच्या विरुद्ध ॲक्टिव्हिटी थिअरी म्हणते की माणसाला गुंतून राहायचंच असतं, परिस्थिती त्याला बाहेर ढकलते. या बाईंच्या बाबतीत कुठलं लागू पडतं आणि का, हे मुलाने स्वतःच्या बुद्धीने ठरवायचं. डिस्टिंक्शन मिळतं ते इथे.

ज्या घरात आजी-आजोबा असतात किंवा सुट्टीत त्यांच्याजवळ राहणं होतं, ती मुलं हे पटकन लिहितात. तुमची लेक लिहील.

चौथा_गिअर

खडूफळाताई, हे उदाहरण वाचून माझं 'सोपा विषय' हे म्हणणं मी मागे घेतो. कारणांची साखळी लावणं, आम्हीही दिवसभर हेच करतो.

त्याबदल्यात माझ्याकडून एक उपयोगाची गोष्ट, कारण आमच्याकडे मोठीच्या वेळी यावर रात्री जागवल्या आहेत. तुमचा व्हिसा कोणता आहे? मुलं स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या आईबापांची डिपेंडंट असतील तर सिक्स्थ फॉर्मला अडत नाही, पण युनिव्हर्सिटीत साधारणपणे कोर्स सुरू होण्याच्या दिवशी सेटल्ड स्टेटस (इथे कायम राहण्याची परवानगी, उदा. आयएलआर) आणि त्याआधीची तीन वर्षं इथला रहिवास लागतो. नाहीतर ओव्हरसीज फी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० पौंडांचं जे अनुदान मिळतं (एनएचएस लर्निंग सपोर्ट फंड, परत करायचं नसतं), तेही स्टुडंट फायनान्सला (सरकारी शैक्षणिक कर्ज) पात्र असणाऱ्यांनाच. आयएलआरची तारीख आणि कोर्सची तारीख एका कागदावर मांडून बघा, आत्ताच. दोन महिन्यांच्या फरकाने लोकांचे हजारो पौंड गेलेत.

सायली_रेडिंग

धन्यवाद दादा. आमचं आयएलआर झालंय, त्यामुळे ती काळजी नाही. पण ही माहिती इथे असलीच पाहिजे, इतरांनी कृपया वाचा.

बेलफास्टकरीण

थोडी वेगळी माहिती. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये हेल्थ अँड सोशल केअर अजूनही ए लेव्हल म्हणूनच शिकवतात, सीसीईए बोर्डाचं. त्यामुळे इकडच्या कुणी धागा वाचत असेल तर वरचं बीटेकचं गणित जसंच्या तसं लावू नका.

सदाशिव_पेठ

पुण्यातून लिहितेय. माझी मुलगी आर्ट्सला अकरावीत आहे, तिलाही असंच काही करायचंय. आपल्याकडे याच्या जवळचं काय?

मिरजवाली

थेट असं नाही. बारावीनंतर एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. बीएस्सीला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, एएनएमला आर्ट्सच्या मुलीही जातात. समाजकार्याकडे कल असेल तर बीएसडब्ल्यू. आणि तुम्ही पुण्याच्याच, तर तिला सेवासदनाचा इतिहास वाचायला द्या. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये ती संस्था काढली आणि तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा लोक काय काय बोलले असतील!

नदीकाठ

मी बर्मिंगहॅममध्ये सोशल वर्कर आहे, पुण्यात एमएसडब्ल्यू करून आले. आतापर्यंत सगळे 'हेल्थ' वर बोलले, 'सोशल केअर' बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

या कोर्समध्ये कायदे शिकवतात आणि मुलांना ते रटाळ वाटतात. केअर ॲक्ट २०१४, इक्वॅलिटी ॲक्ट २०१०, मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५. माझं कळकळीचं सांगणं आहे की प्रत्येक कायद्यामागे कोण मेलं किंवा कुणाचे हाल झाले ते मुलीने शोधून वाचावं. व्हिक्टोरिया क्लिम्बिए नावाची आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये नातेवाइकांच्या छळाने मेली. सोशल सर्व्हिसेस, पोलीस, दवाखाने, सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. चौकशीत लॉर्ड लॅमिंग यांनी दाखवून दिलं की तिला वाचवायच्या किमान बारा संधी हुकल्या. अहवाल २००३ मध्ये आला, चिल्ड्रेन ॲक्ट २००४ त्यानंतरचा. स्टॅफर्डच्या हॉस्पिटलमध्ये रुग्णांची हेळसांड झाली, त्यावर २०१३ मध्ये फ्रान्सिस अहवाल आला. त्याच वर्षीच्या कॅव्हेंडिश अहवालातून पुढे २०१५ मध्ये केअर सर्टिफिकेट आलं, आता नव्या केअररचं प्रशिक्षण त्यानेच सुरू होतं. एवढं माहीत असेल तर कलमं पाठ करावी लागत नाहीत.

आपल्या घरांतून आलेल्या मुलांना एक गोष्ट सुरुवातीला पचत नाही, ती मेंटल कपॅसिटी ॲक्टमधली. प्रौढ माणसाला स्वतःचा निर्णय घेता येतो असंच गृहीत धरायचं, घेता येत नाही हे सिद्ध होईपर्यंत. आणि निर्णय शहाणपणाचा नसला म्हणून त्याची क्षमता नाही असं म्हणता येत नाही. आपल्याकडे आजोबा सत्तरी ओलांडले की डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा ठरवतो, आजोबा कॉटवर बसून ऐकतात. प्रेमापोटीच चालतं सगळं. इथे मधुमेहाच्या आजोबांनी पाय कापू द्यायला नकार दिला आणि त्यांना परिणाम समजत असतील, तर नकार म्हणजे नकार. सोळा-सतरा वर्षांची मुलं यावर वर्गात तावातावाने भांडतात. भांडू द्यावं. माझ्या कामात सर्वांत कठीण दिवस असतात ते याच प्रश्नावरचे, आणि त्याचा विचार लवकर सुरू झालेला बरा.

एक जपा. यात अत्याचार, हेळसांड, मृत्यू असे विषय येतात. घरी नुकतंच कुणी गेलं असेल किंवा मुलगी फार मनाला लावून घेणारी असेल तर शिक्षकांना आधी सांगून ठेवा.

खडूफळा

नदीकाठ यांनी लिहिलं ते बरोबर. आम्हाला आधी कळलं तर त्या आठवड्यात मुलीला दुसरं उदाहरण देता येतं. मुलं बोलत नाहीत, पालकांनी सांगावं.

सायली_रेडिंग

मंडळी, काल शाळेच्या ओपन इव्हिनिंगला तिघंही गेलो होतो. इथले प्रश्न कागदावर लिहून नेले होते. आकार एका ए लेव्हलचाच आहे, नवी आवृत्ती आहे, सायकॉलॉजीशी वेळापत्रक जुळतं. प्लेसमेंट सक्तीची नाही, स्वतः शोधली तर शाळा पत्र देते. नवऱ्याने शिक्षिकेला बराच वेळ प्रश्न विचारले. सोशिऑलॉजीऐवजी बायोलॉजी घेतलं तर ऑक्युपेशनल थेरपी आणि नर्सिंग दोन्हीकडे सोयीचं जाईल, असं त्या म्हणाल्या. लेकीला ते पटलं. म्हणजे आता हेल्थ अँड सोशल केअर, सायकॉलॉजी, बायोलॉजी. बायोलॉजी आल्यामुळे बाबा खूश, आणि तिचा विषयही राहिला. सासूबाईंना मिरजवालींचा बेडसोरचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प होत्या, मग विचारलं, "आईच्या पाठीला ती रोज तेच बघायची का?" फोन लेकीकडे दिला.

एक शेवटचं. आत्तापासून कुठे स्वयंसेवक म्हणून जाता येईल का? ती सोळाची होईल मार्चमध्ये.

कांदेपोहे

येतं. केअर होमला थेट फोन करायचा, ईमेलची उत्तरं येत नाहीत. ॲक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर कोण आहे विचारायचं आणि त्यांच्याशी बोलायचं. सोळाव्या वर्षी अंगाला हात लावायची कामं देत नाहीत, पण पत्ते खेळणं, वाचून दाखवणं, चहा नेणं चालतं. डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघतात) ते सांगतील तशी. हॉस्पिटलांच्या स्वयंसेवक योजनांना वयाची अट वेगवेगळी असते, तीही विचारून घे. आणि एक वही ठेव म्हणावं, नावं न लिहिता काय पाहिलं ते. युनिव्हर्सिटीच्या मुलाखतीत "काळजी म्हणजे काय ते तुम्ही कुठे पाहिलं" असं विचारतातच.

मिरजवाली

आणि सपाट, मागून बंद असलेले बूट. नखं कापलेली, घड्याळ-बांगड्या काढून. तिला वाटलं तर मला व्यक्तिगत निरोप करू दे, पहिल्या दिवसाच्या आधी फोनवर बोलेन तिच्याशी.